भुसावळ येईपर्यंत हात मागे

आप्पा, आज तुमच्याशीच बोलायचं आहे. घरात माणसं आहेत, नाहीत असं नाही. पण कापसातली सरकी काढणारं जिनिंगचं मशीन बंद केल्यावरही रोलर फिरत राहतो, हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही असं कोणी आता घरात उरलं नाही. आई होती तोवर तिला तरी कळायचं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे साधा मोबाईलसुद्धा नव्हता, आणि आज ज्या वस्तूपायी मी हे लिहायला बसले आहे तिची सुरुवात तुमच्यासाठी कुठून करावी तेच सुचत नाही. तुम्हाला मला मास्तरीण झालेलं पाहायचं होतं. मी झाले, फक्त खडू-फळ्याची नाही. गावाबाहेर एक प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे जिनिंगमध्ये कामाला लागणाऱ्या बायका-माणसांना मशीनपाशी कसं वागायचं ते मी शिकवते. म्हणजे तुम्ही आयुष्यभर फुकट शिकवलं त्याचाच मला पगार मिळतो.

तर ती वस्तू. आम्ही सगळे तिला चष्मा म्हणतो, पण आहे ती डोळ्यांवर बांधायची एक जाड पेटी, मागून पट्ट्याने आवळलेली. घातली की समोरचं केंद्र, भिंत, पंखा सगळं नाहीसं होतं आणि तुम्ही जिनिंगच्या आत उभे असता. मान वळवली की बाजूचं मशीन, वर पाहिलं की पत्रे, खाली पाहिलं की सरकीचा ढीग. स्वतःचे हात समोर धरले की तेही दिसतात, पण राखाडी, धुरकट, कोणी राखेने काढल्यासारखे. त्या हातांनी बटन दाबायचं, कापूस लावायचा, अडकलेला बोळा काढायचा. खरं काहीच नसतं, आणि तरी पहिल्यांदा घातलं तेव्हा मी पदर आवरून घेतला होता.

आधी गुण सांगते. तुम्हीच म्हणायचे, नव्या सुनेचे गुण आपण सांगावे, खोड्या सांगायला शेजारी आहेतच. याला वायर नाही, कॉम्प्युटर नाही, जे काही आहे ते त्या पेटीतच. पूर्वी असलं यंत्र म्हणे लाखांच्या घरात जायचं आणि त्याला वेगळी खोली लागायची. हे एका बऱ्यापैकी मोबाईलच्या भावात येतं. पिशवीत घालून मी खकनारकडच्या गावात नेलं आहे, शाळेच्या व्हरांड्यात, लाईट गेलेली असताना. ज्या बाईला अक्षर वाचता येत नाही तिलाही यात कळतं, कारण यात वाचायचं काही नाही, करायचं आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कोणाला लागत नाही. चुकलं तर पुन्हा, परत चुकलं तर परत पुन्हा. तुमच्या वेळी चूक एकदाच करता यायची. हे आधी असतं तर, असं मनात येतं आणि मी ते वाक्य पुरं करत नाही.

खोड्याही आहेत. बॅटरी दोन तासांत मान टाकते आणि पुढचा वर्ग चार्जरकडे बघत बसतो. पुढून जड, त्यामुळे गालांवर वळ उठतात. ज्याला नंबरचा चष्मा आहे त्याने काय करावं हे बनवणाऱ्याने पाहिलंच नाही, आणि ज्या बाईचा अंबाडा आहे तिचा तर त्याने विचारही केला नाही, कारण पट्टा नेमका अंबाड्यावर येतो. मे महिन्यात, आपल्या बऱ्हाणपूरच्या मे महिन्यात, तो फोम घामाने असा भिजतो की पुढची बाई नाक मुरडून म्हणते, मॅडम, पहिले पोंछ के द्या न. संध्याकाळी मी फोम पुसायला घेते तेव्हा त्याला टिकल्या चिकटलेल्या असतात, लाल, चॉकलेटी, एखादी खड्याची. काहींना गरगरतं. नाकाशी फट राहते, तिच्यातून खालची खरी फरशी दिसत राहते. पहिल्या पहिल्यांदा मला ती फट खोड वाटायची. आता वाटतं, असू दे.

आमच्या केंद्राचे वॉचमन काका तुमच्याबरोबर होते एका सीझनला. त्यांचं उजव्या हाताचं मधलं बोट पेऱ्यापासून नाही. एकदा वर्ग सुटल्यावर मी गमतीने त्यांना चष्मा घातला आणि म्हटलं, हात बघा समोर धरून. ते बघत राहिले. त्या यंत्राला काय माहीत कोणाचं बोट कुठे गेलं, ते आपलं हाताचा अंदाज घेतं आणि पाच बोटं काढून देतं, पुरी, नखासकट. काकांनी बोटं उघडली, मिटली. दुसऱ्या हाताने ते नसलेलं बोट धरायला गेले तर हाताला काही लागलं नाही. मग त्यांनी स्वतःच पट्टा सोडला आणि म्हणाले, "माझा नाही हा. कोन्या दुसऱ्याचा हात लावून दिला यानं." जाताना दारातून म्हणाले, "तुझ्या बापाले दाखवाले पाहिजे होतं. नाही, नकोच." त्या दिवशी त्यांनी तो हात खिशातून काढला नाही, आणि मी घरी येईपर्यंत तुमच्या हाताला पाच बोटं असती तर तो कसा दिसला असता हे आठवायचा प्रयत्न करत होते. मला आठवणार कुठून. मी जन्मले तेव्हा ती तीनच होती.

ती तीन बोटं मला मिक्सरपासून आठवतात. दिवाळीच्या बोनसमध्ये तुम्ही आईसाठी मिक्सर आणला होता, गल्लीतला पहिला. पाट्यावर वाटून वाटून तिचे खांदे दुखतात म्हणून आणला, आणि आणल्यावर सगळ्यात जास्त घाबरले तुम्हीच. मी ओट्याशी उभी आहे. शेंगदाण्याचं कूट होतंय. मी बटन बंद करते, झाकण काढते आणि बोटाने कडेचं कूट खाली ढकलायला जाते, इतक्यात मागून माझी दोन्ही मनगटं कोणी तरी एकाच हातात पकडून पाठीमागे ओढतं. ती पकड तीन बोटांची आहे, अंगठा, पहिलं आणि मधलं, आणि ती पक्कडीपेक्षा घट्ट आहे. मी रडायच्या बेतात आहे. तुम्ही ओरडत नाही. तुम्ही कधीच ओरडत नव्हता, जिनिंगच्या आवाजात ओरडून उपयोग नसतो म्हणायचे. तुम्ही माझ्या कानाशी म्हणता, "बटन दाबलं हे तुले माहीत आहे पोरी. मशीनले अजून कुठं माहीत?"

आणि मग स्टेशनं. हात तसेच मागे धरून, सावकाश, प्रत्येक नावानंतर थांबून, जशी पॅसेंजर थांबते तशी. बऱ्हाणपूर. वाघोडा. रावेर. निंभोरा. सावदा. दुसखेडा. भुसावळ. भुसावळ आलं की मनगटं सुटायची. जिनिंगमध्ये तुम्ही सगळ्या कामगारांना हेच लावून दिलं होतं. बटन बंद, हात मागे, भुसावळ येईपर्यंत मशीनला शिवायचं नाही, कारण ते जड रोलर वीज गेल्यावरही आपल्या वजनाने फिरत राहतात आणि फिरताहेत हे त्या धुरळ्यात दिसत नाही. पण मिक्सरला कशाला, असं आई रोज विचारायची. "अहो, याचं पातं तर वाघोड्यालाच थांबतं." तरी ती बिचारी हात मागे बांधून उभी राहायची, पदर खोचलेला, आणि सावदा आलं की म्हणायची, "माझं माहेर आलं. मी आपली इथंच उतरते." तुम्ही म्हणायचे, तिकीट भुसावळपर्यंतचं आहे, खाली बसा. शेजारच्या बायका खिडकीतून बघून हसायच्या. चटणी करायला आमच्या घरी रेल्वे लागते, असं गल्लीत झालं होतं.

बोटं कशी गेली ते मात्र तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही मी कॉलेजात गेल्यावर. सीझन भरात होता, कापसाच्या गाड्या बाहेर उभ्या होत्या, मशीन अडकलं होतं. तुम्ही बटन बंद केलंत, हात मागे घेतलेत, वाघोडा म्हटलंत, रावेर म्हटलंत. "मग मी मेल पकडली," तुम्ही म्हणालात. रावेरहून थेट भुसावळ. एवढंच. त्यापुढे तुम्ही चहा घेतला आणि कप नेहमीसारखा तीन बोटांत तोलून धरला. मला त्या वेळी तुमचा इतका राग आला होता आप्पा. ज्याने नियम केला त्यानेच तो मोडावा, आणि तोही कोणाच्या गाड्यांसाठी.

आता मूळ गोष्टीवर येते. केंद्राच्या साहेबांनी माझ्याकडून चष्म्याचे फायदे-तोटे लिहून मागितले होते. आमच्या शेडमध्ये शिकवायला एक खरं जिनिंग मशीन आहे, जुनं, तेल पिणारं. साहेबांचं म्हणणं, ते भंगारात द्यावं, शेड मोकळी करावी आणि आणखी चष्मे घ्यावेत. माणूस वाईट नाही. त्यांना खरंच वाटतं की ज्या गोष्टीने बोट जाऊ शकतं तिच्यासमोर नवख्या माणसाला उभंच कशाला करायचं. मलाही पटत होतं, खोटं कशाला सांगू. मी फायद्यांची यादी करायलाही बसले होते. मग निंबोला गावच्या एका बाईचं ते झालं.

तरणी आहे, नवऱ्याबरोबर केळीच्या बागेत मजुरी करायची, आता जिनिंगमध्ये लागायचं म्हणते. चष्म्यात तिच्याइतकं हुशार कोणी नव्हतं. प्रत्येक धड्याला चष्म्यातून बोलणारी बाई हिंदीत म्हणायची, बहुत बढ़िया, आणि ही चष्म्याखाली हसायची. फक्त एका ठिकाणी ती अडायची, आणि ती अडायची माझ्यामुळे. मी सगळ्यांना तुमचाच नियम शिकवते, बटन बंद, हात मागे. आता चष्म्याची गंमत अशी की त्याचे डोळे पुढे आहेत. हात समोर असले तरच ते त्याला दिसतात. हात पाठीमागे नेले की ते नाहीसे होतात आणि समोर पाटी येते, हाथ दिखाई नहीं दे रहे. धडा तिथेच थांबतो. हात पुढे आणल्याशिवाय पुढे सरकत नाही. शिवाय आतलं मशीन बटन दाबताक्षणी थांबतं, जागच्या जागी, चित्रासारखं. म्हणजे जी बाई भुसावळपर्यंत थांबते तिचा धडा अडतो आणि जी लगेच हात घालते तिला बहुत बढ़िया. मला हे दिसत होतं आप्पा. मी मनात म्हटलं, शेवटी खऱ्या मशीनवर आपण सांगूच की.

खऱ्या मशीनचा दिवस आला. शेडमध्ये तो आवाज, रोलरच्या चामड्याचा तापलेला वास, हवेत कापसाची रुई. चष्म्यात यातलं काहीच नसतं, ना वास, ना नाकात जाणारी रुई, ना पायाखालची थरथर. कापूस अडकला. तिने बटन बंद केलं, अगदी बरोबर, न डगमगता. आणि तितक्याच न डगमगता तिचा हात पुढे गेला. मी तिच्या मागे उभी होते. मला काही विचार केल्याचं आठवत नाही. मी तिची दोन्ही मनगटं पकडून मागे ओढली तेव्हा रोलरने तिच्या मधल्या बोटाचं नख नुसतं पुसलं होतं, नखावर काळा पट्टा उठला, बाकी काही नाही. ती वळून माझ्याकडे बघायला लागली, चिडलेली, आणि म्हणाली, "मॅडम, बंद तर केली न मशीन. त्या चष्म्यात तर लगेच बंद होते." मी तिची मनगटं सोडली नाहीत. तिच्या कानाशी मी म्हणत होते, वाघोडा, रावेर, निंभोरा, आणि तिला वाटलं असेल मॅडमला लागीर झालं. सावद्याला ती गप्प झाली, कारण तिला दिसलं की रोलर अजून फिरतोय. नंतर ती शेडच्या पायरीवर बसली आणि आपलं ते बोट दुसऱ्या मुठीत धरून रडली. मी शेजारी बसले. मला कळत होतं की तो कानाशी बोललेला आवाज माझा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना शेडमध्ये घेऊन गेले. म्हटलं, यादी नंतर देते, आधी हात मागे घ्या. ते हसले, पण घेतले. मी मशीन चालू केलं, बंद केलं आणि स्टेशनं म्हणायला लागले. त्यांना वाटलं बाई चेष्टा करते. मी लाकडाची एक बारीक काडी रोलरकडे नेली, निंभोरा म्हणताना. ती हातातून गेली, नुसती ओढली गेली, आणि पलीकडे तिचे तुकडे पडले. साहेबांचे हात मागेच होते. भुसावळ येईपर्यंत त्यांनी ते पुढे आणले नाहीत. मग म्हणाले, "चष्मेवाल्यांना सांगून हे आत घालून घेता येईल का?" मी सांगितलं, विचारलं मी. ते म्हणतात, इतका वेळ काहीच न करता उभं राहायचं असेल तर माणूस कंटाळून चष्मा काढून ठेवेल. साहेबांनी मान हलवली. मशीन भंगारात जाणार नाही, निदान या साहेबांच्या वेळी तरी नाही. चष्मेही राहतील, राहावेतच. पण पहिले मशीन, मग चष्मा. मी तसं लिहून दिलं, गुण सगळे लिहिले, खोड्या सगळ्या लिहिल्या, टिकल्यांसकट.

एक लिहिलं नाही, ते तुम्हाला सांगते. पण त्याआधी ती अँब्युलन्स. तुमच्या छातीत सगळी रुईच भरली होती शेवटी, आणि इथल्या डॉक्टरांनी पुढे न्यायला सांगितलं. आई पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे तुमच्यापाशी. तुमचा उजवा हात माझ्या हातात. तुम्हाला श्वास पुरत नव्हता, म्हणून स्टेशनं मी म्हणत होते, रस्ता रेल्वेचा नव्हता तरी. रावेर खिडकीतून गेलं ते मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही डोळ्यांनी हो म्हणालात. सावदा आलं तेव्हा आई पुढून म्हणाली, माझं माहेर आलं बघा, आणि तुम्ही हसल्यासारखं केलंत. त्याच्या पुढे केव्हा तरी ती तीन बोटं सैल झाली. मी तरी म्हणतच राहिले, आणि भुसावळचे दिवे दिसले तेव्हा ते नाव मी मोठ्याने म्हटलं. तुम्ही आधीच उतरला होतात.

संध्याकाळी वर्ग सुटतो, बायका जातात, काका फाटकापाशी बसतात. फोम पुसून झाला की मी चष्मा घालते. धडा तोच, मशीन अडकतं, मी बटन दाबते, ते लगेच थांबतं. मग मी हात मागे घेते. समोरचे ते राखाडी, पुऱ्या बोटांचे हात विझून जातात आणि पाटी येते, हाथ दिखाई नहीं दे रहे. सगळं जिनिंग गोठून उभं राहतं, ना आवाज, ना रुई, आणि त्यात माझे हात कुठेच नसतात. तेव्हा मागून मनगटांवर पकड येते, आप्पा. अंगठा, पहिलं आणि मधलं. नाकाच्या फटीतून मला खालची खरी फरशी दिसत असते, म्हणजे मी झोपेत नसते. मी मागे वळून बघत नाही. स्टेशनं म्हणते, सावकाश, प्रत्येकाला थांबून, तुम्ही शिकवलं तसं. दुसखेडा म्हणते आणि गप्प उभी राहते, बॅटरी संपेपर्यंत. पुढचं नाव घेतलं की तुम्ही हात सोडाल, म्हणून मी ते घेत नाही.